बोरघाट कुणी बांधला, हे कर्जतच्या फलाटावर लिहा

डोंगरातली रेल्वे म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर दार्जिलिंग, उटी, शिमला, आणि आपल्या जवळचं म्हणजे माथेरान. छोटी गाडी, छोटं इंजिन, वळणावर दिसणारे पुढचे डबे आणि मोबाईल घेऊन खिडकीला चिकटलेली माणसं. युनेस्कोनेही याच गाड्या उचलल्या, १९९९ ला दार्जिलिंग, २००५ ला निलगिरी, २००८ ला कालका-शिमला, आणि माथेरान अजून संभाव्य यादीत ताटकळतंय. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, गाड्या सुंदरच आहेत. पण दार्जिलिंगची गाडी सुरू झाली १८८१ मध्ये, कुन्नूरपर्यंतची १८९९ मध्ये, शिमल्याची १९०३ आणि माथेरानची १९०७, आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, ब्रॉडगेजची अख्खी मेन लाईन सह्याद्री चढून गेली होती. तिला आपण डोंगरी रेल्वे म्हणतच नाही. कारण त्या घाटातून आपण रोज जातो, आणि जाताना बहुतेक जण झोपलेले असतात किंवा रील बघत असतात.

मी बोरघाटाबद्दल बोलतोय. कर्जतनंतर पळसदरी, मग ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा, लोणावळा. अंतर साधारण २५ किलोमीटर आणि तेवढ्यात चढण साडेपाचशे मीटरच्या वर. काही ठिकाणी ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, रेल्वेच्या हिशोबात ही चढण भयानक मानतात, म्हणून तर आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. १८६३ ला हा घाट सुरू झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते, सगळे मिळून साडेतीन किलोमीटरच्या वर, आणि शिवाय मोठे पूल, छोटे पूल, डोंगराच्या कडेने कापलेली वाट. हे सगळं केलं ते घण, छिन्नी, पहार आणि सुरुंगाच्या दारूने. डायनामाइट तेव्हा नव्हतंच, त्याचं पेटंट १८६७ चं. बेसॉल्टचा काळा कातळ, ज्याने सह्याद्री बनलाय, तो माणसांनी हाताने भोकं पाडून फोडलाय. काही बोगद्यांची तोंडं तर उभ्या कड्यात होती, तिथे पाय ठेवायला जागा नाही म्हणून वरून दोराने माणसं खाली सोडायचे आणि लोंबकळत भोकं पाडायला लावायचे.

आता मुद्दा असा आहे की पुढची पाच-सहा वर्षं रेल्वेच्या वाढदिवसांची आहेत. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची, म्हणजे २०२८ ला तिला १७५ वर्षं होतील. १९२९ मध्ये खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडी जिथे दिशा उलटवून पुढे चढायची ते, बंद झालं आणि गाड्या नव्या मार्गाने जायला लागल्या, त्यालाही २०२९ ला शंभर वर्षं. आणि १ जून २०३० ला डेक्कन क्वीनची शंभरी. डेक्कन क्वीनचा वाढदिवस तर दर वर्षीच होतो, पुणे स्टेशनवर केक कापतात, इंजिनाला हार घालतात, बँड वाजतो, पासहोल्डर मंडळी पेढे वाटतात, आणि ते मला मनापासून आवडतं, कारण तो सरकारी कार्यक्रम वाटत नाही, गाडी आपली आहे असं समजणाऱ्या लोकांचा वाटतो. शंभरीला तर काय, टपालाचं तिकीट निघेल, फर्स्ट डे कव्हर निघेल, कॉफी टेबल बुक निघेल, मंत्री येतील, जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागेल. त्या प्रदर्शनात बोरघाटाचे फोटोही असतील. आणि फोटोखाली काय लिहिलेलं असेल ते मी आत्ताच सांगतो: अभियांत्रिकीचा चमत्कार, चीफ इंजिनियर जेम्स बर्कली, उद्घाटन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर, २१ एप्रिल १८६३.

यात खोटं काहीच नाही. पण हा घाट बांधताना मेलेल्या माणसांचा अंदाज, रेल्वेच्या मजुरांवर काम केलेल्या इतिहासकारांनी सांगितलेला, पंचवीस हजारांच्या आसपास आहे. पंचवीस हजार. आठ-एक वर्षांत, एका घाटात. शेवटच्या टप्प्यात एका वेळी बेचाळीस हजारांवर माणसं कामाला होती, म्हणजे त्या काळचं एखादं चांगलं मोठं शहर डोंगराच्या उतारावर वसवलेलं. पुरुष होते, बाया होत्या, डोक्यावर पाट्या घेतलेली पोरंही होती. त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नसणार, आणि ज्या फलाटावर आपण बँकर लागेपर्यंत वडापाव खात उभे असतो तिथे या माणसांसाठी एक ओळ लिहिलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आता जे काही साजरं होणार आहे त्यात पहिला खर्च या ओळीवर व्हावा. केक नंतर.

लोक लगेच म्हणतात की अहो तेव्हा माणसं मरायचीच, पटकी, म्हणजे कॉलरा, यायची आणि गावंच्या गावं साफ व्हायची, त्याचं खापर रेल्वेवर कशाला. बरोबर आहे, पटकी कंपनीने आणली नाही. पण उघड्या डोंगरावर हजारो माणसं एकत्र आणून ठेवायची, पिण्याच्या पाण्याची सोय नाही, संडासाची नाही, राहायला पाल्याच्या झोपड्या, आणि काम मात्र उन्हाळ्यातच जोरात कारण पावसाळ्यात घाटात उभंही राहवत नाही, हा निर्णय पटकीने घेतला नव्हता. तो कुणीतरी कागदावर सही करून घेतला होता. पाऊस आला की बरेच मजूर पेरणीला गावी जायचे आणि दिवाळीनंतर परत यायचे, आणि परत येताना माहीत असायचं की मागच्या मोसमात शेजारच्या झोपडीतलं कोण कोण गेलं. तरी यायचे. ते का यायचे हा प्रश्न कुणी विचारत नाही, आपण फक्त कातळ किती कठीण होता ते विचारतो.

आणि पैशाचं बघा. कंपनी होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जीआयपी, आजच्या सेंट्रल रेल्वेची पणजी. भागधारक इंग्लंडमधले, आणि त्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती, ती हमी सरकारची, म्हणजे इथल्या महसुलातून. घाटात बोगदा फुटो न फुटो, इंग्लंडात बसलेल्या माणसाला त्याचे पाच टक्के मिळणार. इकडे घाटात मात्र कंपनीने काम दिलं कॉन्ट्रॅक्टरला, कॉन्ट्रॅक्टरने सबकॉन्ट्रॅक्टरला, त्याने मुकादमाला, आणि मुकादम देईल ती मजुरी. या साखळीत खालच्या टोकाला पैसे पोचेपर्यंत काय व्हायचं ते सांगायला इतिहासकार लागत नाही, आज कुठल्याही बिल्डिंगच्या साईटवर जाऊन विचारा. १८५९ च्या जानेवारीत शेवटी भडका उडाला, मजुरी थकली म्हणून मजूर युरोपियन सुपरवायझरांवर चालून गेले, दंगल झाली, चौकशी झाली. कॉन्ट्रॅक्टर होता फॅव्हिएल, ज्याने मुंबई-ठाण्याच्या पहिल्या लाईनच्या कामातही भाग घेतला होता, त्याने त्याच वर्षी घाटाचं कॉन्ट्रॅक्ट सोडून दिलं. आणि पुढच्या वर्षी, १८६० ला, सरकारने मालक-मजूर तंट्यांचा एक कायदा केला, त्यात रेल्वे-कालव्यांसारख्या कामांवरच्या मजुरीच्या तक्रारी मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढायच्या अशी सोय होती, ऐकायला बरी वाटते, पण मजुराने ठरलेलं काम अर्धवट सोडलं तर त्याला तुरुंग. म्हणजे पैसे बुडवणारा मालक असेल तर वसुली आणि काम टाकणारा मजूर असेल तर कोठडी.

जानेवारी १८५९ ची ही घटना माझ्या मते या घाटाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची आहे, उद्घाटनापेक्षाही. आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास बहुतेक वेळा मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो आणि तो तिथून सुरू करणंही समजू शकतं, पण त्याच्या आधी, १८५७ चा धुरळा खाली बसतोय न बसतोय तोच, खंडाळ्याच्या खाली हजारो माणसं आपल्या थकलेल्या मजुरीसाठी एकत्र उठली होती. ज्यांचं एकही नाव आपल्याकडे नाही त्यांनी केलेली ही एक गोष्ट तरी आपल्याला तारखेसकट माहीत आहे. मग २१ एप्रिलच का लक्षात ठेवायचा?

इथे मला ॲलिस ट्रेडवेलबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हल्ली सोशल मीडियावर बोरघाट म्हटलं की ही बाई येतेच. फॅव्हिएलनंतर कॉन्ट्रॅक्ट मिळालं सॉलोमन ट्रेडवेलला, तो १८५९ च्या सप्टेंबरमध्ये इथे आला आणि काही दिवसांतच आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही, तिने कॉन्ट्रॅक्ट आपल्याकडे घेतलं, ॲडमसन आणि क्लाऊझर या इंजिनियरांना हाताशी धरून काम पुरं करून दिलं, शिवाय कामाचे फोटोही काढले. जबरदस्त बाई, शंकाच नाही. ‘सह्याद्री फोडणारी स्त्री’ वगैरे पोस्ट फिरतात तेव्हा मलाही बरं वाटतं की चला, बर्कलीशिवाय आणखी कुणीतरी दिसलं. पण नीट बघा, विसरलेल्या माणसाला शोधायला गेलो आणि शोधून काय आणलं तर कॉन्ट्रॅक्टर. त्याच घाटात डोक्यावर दगडाची पाटी घेऊन चढणाऱ्या शेकडो बायका होत्या, स्त्रियांनी बांधलेला घाट म्हणायचं असेल तर त्यांच्यापासून म्हणायला हवं. ॲलिसची गोष्ट आपल्याला सापडते कारण तिच्या नावावर कॉन्ट्रॅक्ट होतं आणि कॉन्ट्रॅक्ट जपून ठेवतात. हजेरीपट कोण जपणार.

तर अडचण इथे आहे. ज्यांची नावंच नाहीत त्यांचं स्मारक करायचं कसं? पुतळा कुणाचा? आणि गंमत म्हणजे या प्रश्नाचं एक उत्तर घाटातल्या लोकांनी कधीच देऊन टाकलंय, आपण फक्त तिकडे नाणं फेकून पुढे जातो. खोपोलीकडून जुन्या रस्त्याने घाट चढायला लागलं की शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले, एसटीवाले, टेम्पोवाले, सगळे तिथे नाणं टाकतात. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या शेळ्या-मेंढ्यांच्या पायवाटेवरून त्यांना मार्ग दाखवला, आणि मग बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने देशाला स्वातंत्र्य द्या म्हणून सांगितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कुणी सांगतात की वाटेचं गुपित फुटू नये म्हणून मारला.

मला ही गोष्ट आवडते पण ती जशीच्या तशी बोर्डावर लिहायला माझा विरोध आहे, आणि हे बोललं की काही मित्र चिडतात. घाटातून वाट नव्हती असं नाही. कार्ला आणि भाजे लेणी कशाच्या आधाराने उभी राहिली, तर कोकणातल्या बंदरांतून वर येणाऱ्या व्यापारी वाटेच्या. बैलांचे तांडे शतकानुशतकं हा घाट चढत होते. सर जॉन माल्कमच्या वेळी, १८३० ला, गाडीरस्ता झाला, रेल्वेचं काम सुरू व्हायच्या पंचवीस वर्षं आधी. १८५८ ला खंडाळा-पुणे लाईन सुरू झाली पण मधला घाट तयार नव्हता, तेव्हा प्रवासी खालच्या खोपोलीपर्यंत रेल्वेने यायचे, उतरून पालखी, तट्टू, बैलगाडी मिळेल त्याने घाट चढायचे आणि वर खंडाळ्याला परत गाडीत बसायचे. म्हणजे वाट सगळ्यांना ठाऊक होती, प्रश्न होता तो रेल्वेला झेपेल अशा चढणीचा, आणि त्यासाठी बर्कलीच्या माणसांनी वर्षानुवर्षं डोंगर मोजला. डोंगर मोजताना बरोबर स्थानिक धनगर, ठाकर, कातकरी असणार हे उघड आहे, त्यांच्याशिवाय तिथे पाणीसुद्धा सापडलं नसतं. पण १८५० च्या दशकातला धनगर इंग्रजाकडे देशाचं स्वातंत्र्य मागतो हा भाग मला नंतरच्या काळाने जोडलेला वाटतो.

पण खरं-खोटं ठरवून मोकळं झालं की सगळ्यात महत्त्वाचं हातचं सुटतं. लोकांनी ही गोष्ट का धरून ठेवली? कारण तिच्यात एक हिशोब आहे: घाट आमच्या माणसाच्या अकलेवर आणि जिवावर झाला आणि त्या बदल्यात त्याला मरण मिळालं. कागदांत पंचवीस हजारांचा अंदाज म्हणून जे सापडतं तेच लोकांनी एका माणसाच्या नावावर लावून ठेवलं. बाकीच्या सगळ्यांचा मिळून तो एक शिंग्रोबा. असं फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही, कालका-शिमला लाईनवर बाबा भलकू नावाच्या मेंढपाळाची गोष्ट आहे, तो काठीने डोंगर ठोकत पुढे चालायचा आणि इंजिनियर मागून खुणा करायचे असं सांगतात. फरक एवढाच की तिकडे रेल्वेने शिमल्यातल्या आपल्या म्युझियमला चक्क बाबा भलकूचं नाव दिलं. आपल्याकडे शिंग्रोबाला ट्रक ड्रायव्हरांनी सांभाळलं.

आता सरकार आणि रेल्वे जुन्या गोष्टी सांभाळतात कशा तेही बघायला हवं, नाहीतर मी स्मारक मागायचा आणि त्यांनी संगमरवरी कट्टा बांधून रिकामं व्हायचं. खंडाळ्याच्या रिव्हर्सिंग स्टेशनचंच घ्या. घाट इतका अवघड होता की एका जागी सरळ वर जाणं शक्यच नव्हतं, म्हणून गाडी एका सपाट तुकड्यावर यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट्या दिशेने वर निघायची. कल्पना साधी पण त्या काळात भारी, जगभरच्या इंजिनियरांमध्ये तिची चर्चा व्हायची. १९२९ ला नवे बोगदे झाले, कल्याण-पुणे लाईन विजेवर गेली, आणि हे स्टेशन सुटलं ते सुटलंच. अवशेष अजून आहेत, एक्स्प्रेसवेच्या बाजूला. त्याच्याजवळच अमृतांजन पूल होता, १८३० च्या रस्त्याचा, तो २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा आहे ही संधी साधून सुरुंग लावून पाडला. खांबांमुळे एक्स्प्रेसवेवर कोंडी व्हायची, अपघात व्हायचे हे खरंय, मीही त्या कोंडीत अडकलोय, तेव्हा पाडूच नये असं म्हणायचा मला हक्क नाही. पण पाडायच्या आधी त्याची नीट नोंद करून, दोन-चार कमानींचे दगड तरी बाजूला एखाद्या ठिकाणी उभे करून, इथे काय होतं हे सांगता आलं असतं की नाही? रिव्हर्सिंग स्टेशनचंही उद्या एखाद्या रुंदीकरणात असंच होईल आणि आपण फेसबुकवर जुना फोटो टाकून हळहळू.

सीएसएमटी बघा याउलट. १८७८ ते १८८८ मध्ये बांधलेली इमारत, २००४ पासून जागतिक वारसा, रात्री दिवे, गाईडेड टूर, रेल्वेचं हेरिटेज म्युझियम. योग्यच आहे. पण ती इमारत ज्या कंपनीच्या पैशाने उभी राहिली त्या कंपनीचा धंदा घाट चढल्याशिवाय झालाच नसता, बोरघाट आणि मग १८६५ चा थळघाट, म्हणजे कसारा घाट, या दोन वाटांनी देशावरचा कापूस बंदरात उतरला, आणि तेव्हा तर अमेरिकेत यादवी चालू होती, लँकेशायरला कापूस कुठून मिळणार तर इथूनच. मुंबईचा पैसा त्या वर्षांत असा वाढला की माणसं वेडी झाली होती. थोडक्यात त्या कमानी आणि घुमट बघताना घाट डोळ्यांपुढे यायला हवा. येत नाही, कारण तिथे तसं कुणी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्रातच झालीय आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कोकण रेल्वे बांधताना जी माणसं गेली त्यांच्यासाठी रत्नागिरीत श्रमशक्ती स्मारक आहे. म्हणजे रेल्वेला हे करताच येत नाही असं नाही, इच्छा असली की येतं. कोकण रेल्वे आपल्या काळातली, १९९८ ला पूर्ण झालेली, तिथे कोण गेलं ते कंपनीला माहीत होतं, हा फरक आहे. पण बोरघाटाच्या बाबतीत नावं नाहीत म्हणून काहीच करायचं नाही हे मला मान्य नाही. उलट नावं नाहीत हेच तिथे लिहायचं. त्या काळचे कंपनीचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, सरकारी बाजूचे बरेचसे मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख खात्याकडे आहेत. १८५९ च्या दंगलीची चौकशी झाली तेव्हा साक्षी झाल्या असणार, मुकादमांची नावं, मजुरीचे दर, कुणाचे किती थकले, यातलं काहीतरी तिथे निघेलच. मराठीत हे कुणी सलग बसून वाचून मांडलेलं मी पाहिलेलं नाही. आणि गावागावांतल्या लोकांकडे काय आहे ते तर कुणी विचारलंच नसेल, नगर, सातारा, सोलापूर भागातून घाटकामाला गेलेल्यांच्या ओव्या असतील, घराण्यात कुणी ‘घाटात राहिला’ अशी आठवण असेल. वडार समाजातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर दगडाच्या कामाचं बरंच कळेल. हे सगळं आत्ता विचारलं नाही तर पुढे विचारायला माणूस राहणार नाही.

दुसरा एक विषय मला याच्याशी जोडावासा वाटतो आणि तो जोडला की चर्चा लगेच राजकीय होते, होऊ दे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ गर्डर बसवायचं मशीन रात्री कोसळलं, वीस माणसं गेली. दोन दिवस बातम्या झाल्या. त्या पुलावरून आपण आता गाडी हाणत जातो. त्यातली नावं तर माहीत आहेत, परप्रांतातली असली तरी यादी आहे, पेपरमध्ये आलीय. १८५९ च्या मजुरांबद्दल आपण म्हणतो की नोंदी नव्हत्या, मग आता नोंदी असताना तरी काय मोठं करतोय? बोरघाटातली कॉन्ट्रॅक्टर-सबकॉन्ट्रॅक्टर-मुकादमाची साखळी अजून तशीच आहे, फक्त मुकादमाला लेबर सप्लायर म्हणतात. म्हणूनच मला हे स्मारक जुन्या गोष्टींचं कौतुक म्हणून नकोय. तिथे उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात आजच्या साईटवरच्या हेल्मेट नसलेल्या पोराचा विचार यायला हवा.

आणि घाट अजूनही माणसांच्या जिवावरच चालतो. पावसाळ्यात डोंगरावरून दगड येतात म्हणून रेल्वेची हिल गँग असते, ती माणसं कड्यावर चढून सुटलेले दगड शोधतात आणि गाडी नसताना मुद्दाम पाडतात, मग ते मोडतोड झालेले दगड उचलायला बोल्डर स्पेशल जाते. मंकी हिलच्या बाजूला मुसळधार पावसात रात्री बॅटरी घेऊन चालणारा ट्रॅकमन तुम्ही गाडीतून कधीतरी पाहिला असेल, एका क्षणात मागे जातो. १८६७ मध्ये या घाटातला महुकी मळीचा मोठा पूल गाडी जाऊन काही वेळ होतोय न होतोय तोच कोसळला होता, उद्घाटनाला जेमतेम चार वर्षं झाली होती, तेव्हापासून आजपर्यंत हा घाट कुणीतरी रोज बघत राहिलंय म्हणून उभा आहे. घाट १८६३ ला ‘बांधून झाला’ हेच मुळात अर्धं खरं आहे, तो अजून बांधणं चालूच आहे. शंभरी-दीडशेचे कार्यक्रम करताना स्टेजवर या गँगमधल्या माणसांना बसवा, एकदा तरी, आणि साहेबांना खाली खुर्चीत.

जागेबद्दल माझं मत पक्कं आहे, कर्जत. लोक म्हणतील खंडाळा, लोणावळा, तिथे टुरिस्ट येतात, दरी दिसते, सेल्फी पॉइंट होईल. म्हणूनच नको. कर्जतला पुण्याकडची गाडी बँकर लागेपर्यंत थांबते, त्या चार-पाच मिनिटांत अर्धी गाडी फलाटावर उतरते, आणि चढणीच्या पायथ्याशी गाडी का थांबलीय हे प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक असतं. तिथे फलाटावरच, वडापावच्या स्टॉलच्या बाजूला, उभ्या उभ्या वाचून होईल एवढा मजकूर हवा, मोठ्या अक्षरात, मराठीत आधी आणि बाकीच्या भाषा नंतर. त्यात बर्कलीचं नाव असू दे, तो माणूसही १८६२ मध्येच वारला, उद्घाटन त्याच्या नशिबी नव्हतं. ॲलिस ट्रेडवेलचंही असू दे. पण पहिल्या ओळीत मजूर, किती होते, किती गेले असा अंदाज आहे, अंदाज आहे हेही, आणि जानेवारी १८५९. शिंग्रोबाबद्दल ‘लोक असं सांगतात’ एवढं लिहून गोष्ट पूर्ण सांगावी, गोळी आणि बक्षिसासकट, म्हणजे पोरं आईबापांना विचारतील की खरंच असं झालं का.

यासाठी रेल्वे बोर्डाची, मंत्रालयाची, हेरिटेज कमिटीची वाट बघत बसलो तर २०३० निघून जाईल. पासहोल्डरांच्या संघटना आहेत, केक त्याच आणतात, रेल्वेच्या अधिकाऱ्यांशी त्यांचं बोलणं असतं, फलाटावर काय लागतं आणि काय काढून टाकतात हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांनी डीआरएमकडे, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाकडे, एक अर्ज द्यावा आणि पुण्या-मुंबईतल्या इतिहास विभागांनी दोन-तीन संशोधक विद्यार्थी काळा घोड्याला बसवावेत, त्यांच्या फेलोशिपसाठी वर्गणी काढायची असेल तर मी देतो, माझ्यासारखे आणखी बरेच जण देतील, कारण या घाटाने आपल्यापैकी कितीतरी जणांची नोकरी, शिक्षण, लग्नं सगळं जमवून दिलंय. सुरुवात चौकशीच्या कागदांपासून करावी. थकलेल्या मजुरीची एखादी यादी जरी त्यात निघाली, तरी बोर्डावर लिहायला पहिली नावं मिळतील.